कोची म्हणजे छोटी मुंबईच का? एका सर्व्हेवाल्याचं उत्तर

ताई, तुम्ही विचारलंय की मुलीला कोचीतल्या काक्कनाडच्या इन्फोपार्कमधे, म्हणजे आयटी कंपन्यांच्या संकुलात, नोकरी लागलीये, जूनमधे जॉइन व्हायचंय, तुम्ही नागपूरचे, घरात कुणाचा समुद्राशी कधी संबंध आला नाही, तर कोची हे मुंबईसारखंच बंदराचं शहर आहे का, ते वसलंय कसं आणि घर कुठे बघायचं. मी मूळचा रत्नागिरीकडचा. बंदरातली खोली मोजणं हे माझं काम, म्हणजे ड्रेजिंगच्या (गाळ उपसण्याच्या) आधी आणि नंतर लाँच घेऊन फिरायचं आणि पाण्याखाली गाळ किती साचलाय, किती निघाला ते नोंदवायचं. त्यात कोचीला सगळी मिळून चौदा वर्षं गेली. त्यामुळे मी सांगणार ते पाण्याच्या बाजूने सांगणार, आणि माझं प्रामाणिक मत आहे की ते शहर त्याच बाजूने नीट कळतं. रिक्षातून फिरलात तर दुकानं, पूल आणि ट्रॅफिक दिसेल, पण हे सगळं इथेच का आणि असंच का, ते बोटीत बसल्याशिवाय लक्षात येत नाही.

आधी नकाशा डोक्यात बसवा. पश्चिमेला समुद्राला लागून फोर्ट कोची आणि मट्टांचेरी, हे जुनं गाव. पूर्वेला एर्नाकुलम, म्हणजे आजचं मोठं शहर, रेल्वे स्टेशन, हायकोर्ट, बाजार सगळं तिकडे. मधे पसरलेलं खाडीचं पाणी, ज्याला तिकडे कायल म्हणतात, आणि त्या पाण्यात बेटं, विलिंग्डन, बोलगट्टी, वल्लारपाडम. उत्तरेला वैपिन, लांबच लांब अरुंद बेट. फोर्ट कोची आणि वैपिन यांच्या मधे जी फट आहे ती जेमतेम साडेचारशे मीटरची, आणि कंटेनरची मोठी जहाजं, नौदलाची जहाजं, तेलाचे टँकर, मासेमारीच्या बोटी, सगळ्यांनी आतबाहेर करायचं ते त्याच फटीतून. तुम्ही फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर चहा पीत बसलात तर दहा मजली इमारतीएवढं जहाज इतक्या जवळून जातं की डेकवरचा माणूस स्पष्ट दिसतो. मुंबईत गेटवेवर उभं राहिलं की जहाजं लांब नांगरलेली दिसतात, तसलं अंतर इथे नाहीच.

ही फट कायमची नव्हती, हे महत्त्वाचं. जुनं मोठं बंदर उत्तरेला कोडुंगल्लूरच्या बाजूला होतं, मुझिरिस, जिथून रोमन लोक मिरी घेऊन जायचे. १३४१ साली पेरियार नदीला प्रचंड पूर आला, तिकडचं मुख गाळाने भरलं आणि पाण्याने कोचीपाशी वाट मोठी केली असं मानतात. वैपिनची जमीनही त्याच काळात वर आली म्हणतात, इतकी की तिकडे १३४१ पासून वर्षं मोजणारी पुथुवैपु नावाची कालगणनाच होती. म्हणजे बघा, एका पुराने एक बंदर बुजवलं आणि दुसरं उघडलं. पुढे १५०० साली पोर्तुगीज आले, गोवा राजधानी व्हायच्या आधी त्यांचा मुख्य मुक्काम इथेच होता, वास्को द गामा १५२४ मधे इथेच वारला, मग १६६३ मधे डच, १७९५ मधे इंग्रज. हा इतिहास कुठेही वाचायला मिळेल म्हणून मी लांबवत नाही. मला सांगायचंय ते गाळाबद्दल.

कोचीच्या मागे वेंबनाड कायल आहे, जवळपास ९६ किलोमीटर लांब, आणि त्यात पेरियार, मुवाट्टुपुळा, मीनच्चिल, मणिमला, पंपा, अच्चनकोविल अशा नद्या घाटातून माती घेऊन उतरतात. ही माती अगदी बारीक, चिकण. गोड्या पाण्यात ती तरंगत राहते, पण मुखाशी येऊन खारं पाणी लागलं की तिचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि खाली बसतात. पावसाळ्यात वरून गोडं पाणी बाहेर जात असतं आणि तळातून खारं पाणी पाचरीसारखं आत घुसत असतं, एकाच जागी वरचा प्रवाह एका दिशेला आणि खालचा दुसऱ्या. त्यामुळे गाळ बाहेर जायच्या ऐवजी बंदरातच घुटमळतो, शिवाय पावसाळ्यातल्या लाटा बाहेरचा चिखल ढवळून चॅनेलमधे, म्हणजे जहाजांसाठी खोदलेल्या वाटेत, आणून टाकतात तो वेगळाच.

आमच्या लाँचवर दोन फ्रिक्वेन्सीचा एको साउंडर, म्हणजे आवाज खाली सोडून प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र, असायचा, एक २१० किलोहर्ट्झ आणि एक ३३. पावसाळा संपता संपता लाइन मारायला घेतली की स्क्रीनवर दोन रेघा उमटायच्या, वरची रेघ पातळ चिखलाच्या वरच्या पापुद्र्याची आणि खालची खऱ्या घट्ट तळाची, आणि दोन्हींत कधी कधी मीटर-दीड मीटरचं अंतर. मधलं जे आहे ते पाणी पण नाही आणि जमीन पण नाही. पहिल्यांदा मी ग्रॅब टाकून तो चिखल वर काढला तेव्हा हातात धरताच येईना, घावनाच्या पिठासारखा बोटांतून ओघळून गेला, राखाडी रंगाचा, आणि कुजलेल्या पाल्याचा वास. आता पायलटचा, म्हणजे जहाजाला बंदरात आणणाऱ्या वाटाड्याचा, प्रश्न सरळ असतो, तळ कुठला धरायचा? जगात बऱ्याच बंदरांत चिखलाची घनता पाण्याच्या साधारण १.२ पट झाली की तिथून पुढे तळ समजतात. पण आमच्यातला जुना सारंग शिशाचं वजन दोरीने सोडायचा, दोरी हातात कशी ढिली पडते यावरून सांगायचा की इथे माती 'धरते' आणि इथे नाही, आणि मशीनच्या आकड्याशी त्याचा अंदाज इतका जुळायचा की मी माझ्या नोंदवहीत त्याच्यासाठी वेगळा रकाना केला होता.

त्या चॅनेलमधून आणि बर्थपुढून (जहाज लागतं त्या धक्क्यापुढून) दरवर्षी साधारण दोन कोटी घनमीटरच्या घरात गाळ काढावा लागतो. दहा घनमीटरचा टिप्पर धरला तर वीस लाख फेऱ्या. आणि पुढच्या वर्षी परत तेवढाच. वल्लारपाडमचं कंटेनर टर्मिनल फेब्रुवारी २०११ मधे सुरू झालं, देशातलं पहिलं ट्रान्सशिपमेंट टर्मिनल म्हणून, म्हणजे मोठ्या जहाजावरचे कंटेनर दुसऱ्या जहाजांवर चढवायची जागा, साडेचौदा मीटर ड्राफ्टची (पाण्याखाली तेवढी बुडणारी) जहाजं घ्यायची म्हणून चॅनेल आणखी खोल केलं, आणि जेवढं खोल कराल तेवढा गाळ जास्त बसणार हा पाण्याचा नियमच आहे. तिकडे खाली तिरुवनंतपुरमजवळ विळिंजमला किनाऱ्याजवळच अठरा-वीस मीटर नैसर्गिक खोली आहे, ते बंदर मे २०२५ मधे रीतसर सुरू झालं. मोठी मदर व्हेसल्स, म्हणजे कंटेनरची सगळ्यात मोठी जहाजं, तिकडे जाणार हे उघड आहे, आणि ज्यांनी आयुष्यभर कोचीचा गाळ मोजला त्यांना याचं वाईट वाटतं, मलाही वाटतं. पण खोलीच्या बाबतीत कोची त्याच्याशी बरोबरी करू शकत नाही हे मान्य करायला हवं.

आता मुंबईशी तुलना. मुंबईत उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी चार-पाच मीटर चढउतार करतं, म्हणून इंदिरा डॉकला दरवाजे आहेत, आत पाणी अडवून ठेवायला लागतं नाहीतर ओहोटीला जहाजांखालचं पाणी पळेल. कोचीत उधाणाची भरती-ओहोटी म्हणजे साधारण एक मीटर. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीला, तर त्याच्याही निम्मी. म्हणजे मुंबईसारखी भरतीची वाट बघून जास्त पाण्यावरून जहाज आणायची सोय नाही, जी खोली पाहिजे ती उकरूनच मिळवायची. हे झालं बंदराचं. पण याचा माणसांवर काय परिणाम झाला ते बघा. आमच्या कोकणात खाडीला तीन मीटर पाणी चढतं, म्हणून घरं पाण्यापासून लांब, उंचावर, मधे खाजण (भरतीचं पाणी येणारी दलदल), मग बांध, मग भातशेती. कोचीत पाणी एक मीटरच हलतं म्हटल्यावर माणूस पाण्याला चिकटूनच राहिला. कुंबळंगीला, वैपिनला, पळ्ळुरुत्तीला जा, घराच्या मागच्या पायऱ्या थेट पाण्यात, पायरीला होडी बांधलेली, बाई तिथेच बसून मासे साफ करतेय, शेवटची पायरी आणि घराचा उंबरा यात दोन-अडीच फुटांचा फरक. शेकडो वर्षं हे बिनधास्त चाललं कारण समुद्र शिस्तीत होता. आता समुद्राची पातळी थोडी जरी वर सरकली तरी तिथे मोजायला जागाच उरत नाही. मुंबईत दहा-पंधरा सेंटिमीटर पाच मीटरच्या भरतीत झाकून जातात, कोचीत तेवढ्याने पाणी स्वयंपाकघरात येतं.

आणि हे पाणी पावसाळ्यात येत नाही, हे बाहेरच्या माणसाला कोणी सांगत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राची सरासरी पातळी पावसाळ्याच्या शेवटाला सगळ्यात खाली असते, कारण वारा आणि प्रवाहामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर जातं आणि खालचं थंड, जड पाणी वर येतं (त्याच पाण्यामुळे तारलीचा मोसम चांगला जातो, तिकडे तिला मत्ती म्हणतात). मग नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत दक्षिणेकडून हलकं, कमी खारं पाणी किनाऱ्याने वर सरकतं आणि पातळी चढते. त्यात अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आलं की आकाशात ढगाचा टिपूस नसताना गल्लीत घोट्याएवढं खारं पाणी. कोचीतलं माझं पहिलं भाड्याचं घर तोप्पुमपडीच्या बाजूला तळमजल्यावर होतं. ऑगस्टमधे घेतलं, घर कोरडं ठणठणीत, मालकाने एक शब्द सांगितला नाही. डिसेंबरमधे पहाटे उठलो तर चप्पल दारापासून आतल्या खोलीपर्यंत तरंगत आलेली. पाणी दोन तासांत गेलं, पण मिठाने स्कूटरचं खालचं सगळं गंजलं आणि भिंतीला लोणा लागला तो मी घर सोडेपर्यंत सुटला नाही. आणि माझं तर भाड्याचं होतं. ज्यांचं स्वतःचं, कर्ज काढून बांधलेलं घर आहे त्यांनी वर्षातून आठ-दहा वेळा हे सोसायचं, विहीर खारी, पेरूचं झाड वाळलं, संडासची टाकी उलटी, याची बातमी पुराएवढी मोठी होत नाही म्हणून मला राग येतो. कोचीच्या दक्षिणेला चेल्लानमच्या किनाऱ्यावर टेट्रापॉडची (चार पायांच्या काँक्रीट ठोकळ्यांची) भिंत झाली तेव्हा समुद्राच्या बाजूच्या लोकांना हायसं वाटलं, ते चांगलंच झालं, पण भिंत समुद्राकडून येणारी लाट अडवते, मागच्या कायलकडून चढणारं पाणी नाही.

बंदर आजच्या रूपात उभं केलं ते रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनियरने. तो १९२० मधे आला तेव्हा मुखासमोर कडक वाळूचा बांध होता, मोठी जहाजं बाहेरच थांबायची आणि माल होड्यांनी आत यायचा. मुख खोदलं तर वैपिनचा किनारा वाहून जाईल अशी भीती होती, म्हणून त्याने अभ्यास करून आधी किनाऱ्याला दगडी संरक्षण दिलं, मग तो वाळूचा बांध फोडला. २६ मे १९२८ ला 'पद्मा' ही आगबोट पहिल्यांदा आतल्या बंदरात आली. उकरलेला गाळ फेकून न देता त्यातून साडेसातशे एकरांहून मोठं बेट तयार केलं, तेच विलिंग्डन आयलंड. बंदराची ऑफिसं, रेल्वे, नौदल, सगळं त्या गाळावर उभं आहे. मी त्या बेटावरच्या क्वार्टरमधे राहिलो तेव्हा खिडकीतून पलीकडे शिपयार्डच्या क्रेन दिसायच्या, जिथे विक्रांत ही विमानवाहू नौका बांधली गेली, २०२२ मधे नौदलात गेली ती.

माणसांबद्दल. बंदराने माणसं गोळा केली ती मट्टांचेरीत दिसतात. अडीच-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात ज्यूंचं १५६८ चं सिनेगॉग, कच्छी मेमन, गुजराती व्यापारी, तमिळ धोबी, आणि आपल्याला जवळचे म्हणजे चेरलाईतले कोकणी. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांचा जाच वाढला तेव्हा गौड सारस्वत आणि इतर मंडळी तिथून निघाली आणि कोचीच्या राजाच्या आश्रयाने इथे वसली, तिरुमला देवस्वमचं देऊळ त्यांचंच. मी मालवणीमिश्रित बोलायचो आणि तिथली आजी कोकणीत उत्तर द्यायची, दोघांनाही तीन चतुर्थांश कळायचं, तेवढ्यावर मला पावसाळाभर पेज आणि लोणचं मिळालं. १६७८ मधे डचांनी मलबारच्या वनस्पतींचा 'होर्तुस मलबारिकुस' हा ग्रंथ अॅमस्टरडॅममधे छापायला घेतला, त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या इथल्याच तीन कोकणी वैद्यांचं निवेदन देवनागरीत छापलंय. त्याआधी छापील देवनागरी फारच थोडी सापडते. आणि सोन्याच्या दुकानांमागच्या गल्लीत सहज मराठीत हाक मारून बघा, विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले भेटतील, पिढ्यानपिढ्या सोनं गाळायचं काम करणारे. मुलीला पहिल्या दिवाळीत फराळाची आठवण आली तर ती घरं कामाला येतील.

फोर्ट कोचीची चिनी जाळी, चीनवला, फोटोत सगळेच बघतात. जवळ जाऊन बघा. वीसेक मीटरचा लाकडी सांगाडा, मागे दोऱ्यांना एकाखाली एक बांधलेले दगड. एक माणूस मुख्य दांडीवर चालत पुढे जातो, त्याच्या वजनाने जाळं पाण्यात झुकतं, पाचएक मिनिटं थांबून मागचे चार-पाच जण दोर ओढतात, दगड एकेक करून जमिनीला टेकत जातात आणि जाळं वर येतं. टेकलेल्या प्रत्येक दगडाचं वजन दोरावरून उतरतं, त्यामुळे जाळं वर येताना तोल सांभाळला जातो. आता त्यात पसाभर मासे येतात आणि अर्धा जलपर्णीचा भारा. ही जलपर्णी आतल्या गोड्या पाण्यातून वाहत येते, मुखाशी खारं लागलं की मरते आणि सडते. वेंबनाडच्या दक्षिणेकडच्या सखल कुट्टनाडची भातशेती खाऱ्या पाण्यापासून वाचवायला तण्णीरमुक्कमला बंधारा घातलाय, तो उन्हाळ्यात बंद असतो, मग आत खारं पाणी जात नाही आणि पर्णी माजते. शेतकऱ्याचंही खरं आणि कोळ्याचंही खरं. जुनी पोक्काळी शेती मला म्हणून आवडते, पावसाळ्यात खारं सोसणारं उंच भात, ते कापलं की त्याच शेतात खारं पाणी घेऊन कोळंबी. आपल्या खारजमिनीच्या उघाडीसारखंच लाकडी दार असतं. ती शेती दरवर्षी कमी होताना बघितलीये.

हवेचं थोडक्यात. पाऊस नागपूरच्या जवळपास तिप्पट, १ जूनच्या आसपास सुरू, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे संध्याकाळी गडगडाट करून परत. पारा छत्तीसच्या वर क्वचितच जातो, पण नागपूरच्या पंचेचाळीसमधे सुद्धा सावलीत बसलं की बरं वाटतं, इथे सावलीतही घाम वाळत नाही. सुती कपडे, दोन छत्र्या, कपाटात बुरशी येणार हे धरून चाला. थंडी नाही. वर्षातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा दिवस यात फक्त सव्वा तासाचा फरक, त्यामुळे ऋतू अंगाला जाणवत नाही, पाण्याच्या रंगावरून कळतो.

घराचं बोलू. काक्कनाड जांभ्याच्या टेकडाळ भागावर आहे, तो आपला कोकणातला चिरा, तिकडे वेट्टुकल्लु म्हणतात (या दगडाला लॅटराइट हे नाव १८०७ मधे केरळातल्याच अंगाडिपुरमवरून दिलं गेलं). म्हणजे भरतीचं पाणी तिथे येत नाही. पण सखल गल्ल्यांमधे जोराच्या पावसात पाणी साचतं, इन्फोपार्कच्या आवारातही साचलेलं आहे, आणि उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून राहावं लागतं, म्हणून घर घेताना विहीर आहे का, तिला मार्च-एप्रिलमधे पाणी असतं का ते विचारा. वैट्टिला मेट्रोवर आहे आणि तिथून काक्कनाडला वॉटर मेट्रो जाते, २०२३ पासून, बॅटरीच्या बोटी, जेट्टी तरंगती असल्यामुळे बोट आणि जेट्टी एका पातळीवर, साडी नेसून किंवा सामान घेऊन चढायला त्रास नाही. टर्मिनलपासून इन्फोपार्क अजून काही किलोमीटर आहे, फीडर बस किंवा रिक्षा लागेल. माझ्या मते पहिलं वर्ष काक्कनाड किंवा तृक्काक्करा, वरचा मजला. फोर्ट कोची सुंदर आहे पण रोज ये-जा तिथून नको, जंकारने, म्हणजे गाड्या आणि माणसं नेणाऱ्या सपाट बोटीने, वैपिनला चार मिनिटांत जाता येतं तरी काक्कनाड लांबच पडतं.

पुढेमागे ती खाडीकाठी राहायला गेली, वैपिन, तोप्पुमपडी, कुंबळंगी अशा बाजूला, तर तुम्ही मे-जूनमधे घर बघायला जाल तेव्हा समुद्र खाली चाललेला असेल आणि सगळं कोरडं दिसेल, त्याच्यावर जाऊ नका. कंपाउंडच्या भिंतीच्या बुडाशी पांढरी मिठाची रेघ आहे का बघा, गेटचे खालचे बिजागर गंजलेत का बघा, विहिरीचं पाणी जिभेला लावून बघा, आणि मालकाला नाही, शेजारच्या घरातल्या बाईला विचारा की डिसेंबरच्या वेलियेट्टमला, म्हणजे भरतीला, पाणी कुठपर्यंत येतं. ती हाताने दाखवेल.